नाइट शिफ्ट, सकाळचं कॉलेज आणि सव्वासातचा ड्रॉप

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा लातूर जिल्ह्यातला, पुण्यात एस.वाय.बी.कॉम.ला. कॉलेज सकाळी साडेसात ते साडेअकरा. खराडीत एका कॉल सेंटरमध्ये रात्री नऊ ते सहा अशी पूर्णवेळ नोकरी, हातात १९ हजार. राहायला नऱ्ह्यात, तिघांत एक खोली. एफ.वाय.चा एक आणि तिसऱ्या सत्राचा एक असे दोन विषय राहिलेत, चौथं सत्र नुकतंच सुरू झालंय, कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलंय. त्याने खर्चाचा तपशीलही दिलाय, त्याकडे पुढे येते. शेवटी विचारतो, "मॅडम, दोन्हीचा बॅलन्स कसा साधू? टाइम मॅनेजमेंट जमत नाही. का एक काहीतरी सोडून देऊ?"

मी २३ वर्षं कॉमर्स शिकवतेय. त्यातली काही वर्षं विद्यार्थी विकास अधिकारी होते, त्यामुळे ‘कमवा व शिका’चे अर्ज, हजेरीची रडगाणी आणि एप्रिलमधली मेडिकल सर्टिफिकेटं माझ्याच टेबलावर यायची. स्वतः बी.कॉम. करताना इचलकरंजीत एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी बचत, गोळा करत होते. उत्तर लांबणार आहे. कॅबमध्ये वाच.

आधी ‘टाइम मॅनेजमेंट’ हा शब्द बाजूला ठेवू. वेळ कमी पडतोय असं तुला वाटतं, पण हिशेब मांडला की तसं दिसत नाही. आठवड्याचे तास १६८. कंपनीची कॅब तुला संध्याकाळी साडेसातला उचलते, सकाळी सव्वासातला सोडते, म्हणजे दारापासून दारापर्यंत पावणेबारा तास. पाच दिवसांचे ५९ धर. उरले १०९. कॉलेज रोज चार तास, सहा दिवस, झाले २४, जाण्यायेण्यात ९. उरले ७६. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. राहिले २७. जेवण, आंघोळ, कपडे, टँकरची वाट बघणं यात रोजचे दोन तास, म्हणजे १४. हातात शिल्लक १३ तास. आता अभ्यासाची बाजू. नव्या शिक्षण धोरणात सत्राला २२ क्रेडिट आहेत, थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला २२ तास वर्गात, आणि त्याच्या निम्मा अभ्यास धरला तर ११ तास. म्हणजे सगळं बसतंय, वर दोन तास पिक्चरलाही उरतात! दरवर्षी दोन-चार मुलं असं वेळापत्रक स्केचपेनने रंगवून आणून दाखवतात आणि मी दरवर्षी त्यांना एकच सांगते, मला फक्त तुझा मंगळवार सांग.

तुझा मंगळवार तूच लिहिलायस. सव्वासातला नऱ्ह्यात उतरतोस. तोंडावर पाणी मारून बस पकडून वर्गात पोचायला आठ-सव्वाआठ. पहिलं लेक्चर गेलं. पुढच्या दोन लेक्चरना डोळे उघडे ठेवून झोपतोस. (आम्हाला फळ्याजवळून ते स्वच्छ दिसतं, मागच्या बाकावर बसल्याने काही फरक पडत नाही.) सव्वाबाराला खोलीवर, मेस, मग पडायला दीड. एका रूममेटचा फोन चालू, पडदा नाही, मार्चपासून वरचा पत्रा तापतो. साडेसहाला अलार्म. मेस साडेसातला उघडते आणि कॅबही साडेसातला येते, म्हणून रात्रीचं जेवण म्हणजे वडापाव आणि ऑफिसातला मशीनचा चहा. झोप झाली पाच तास, तीही दिवसाची, तुकड्या-तुकड्यांची. शनिवार-रविवारी मात्र तू माणसासारखा रात्री झोपतोस, आणि सोमवारी शरीराला पुन्हा उलटं वळवतोस. तुझे १३ तास खरे आहेत, पण ते अर्ध्या-पाऊण तासाच्या चिंध्या आहेत आणि प्रत्येक चिंधी झोपेच्या हद्दीत पडते. त्यात कॉर्पोरेट अकाउंटिंगचं एक गणितही पुरं होत नाही.

आणखी एक बारकावा, जो मुलांच्या सहसा लक्षात येत नाही. हजेरी ७५ टक्के लागते एवढं सगळ्यांना पाठ असतं, पण ती बहुतेक ठिकाणी विषयवार मोजतात. तुझ्या टाइमटेबलात आठवड्यातून चार दिवस पहिलं लेक्चर अकाउंटिंगचं आहे. म्हणजे बाकी विषयांत तू ८० टक्के असलास तरी अकाउंटिंगमध्ये वीस-पंचवीसच्या पुढे जाणार नाहीस. तुझं नाव यादीत लागलं ते आळसामुळे नाही, सव्वासातच्या ड्रॉपमुळे लागलं. अशी दुखणी कधीकधी फार स्वस्तात बरी होतात. शेजारच्या डिव्हिजनमध्ये तोच विषय तिसऱ्या तासाला असतो. डिव्हिजन बदलून मागितली तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मिळू शकते. रोल कॉल पक्का झाल्यावर कोणीही हात लावत नाही. हे उद्याच बघ.

मुळात सकाळचं कॉलेज हे रात्री काम करणाऱ्यासाठी बेतलेलंच नाही. मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. सकाळी शिकायचं, मग ऑफिस गाठायचं आणि रात्री झोपायचं, अशी ती घडी होती. कॉमर्सच्या सकाळच्या सत्रांमागे आजही तोच हिशेब आहे. तू त्या घडीत दिवसाऐवजी रात्र घातलीस, म्हणून शिवण उसवली. नोकरी किती तासांची, यापेक्षा ती दिवसाच्या कुठल्या बाजूला आहे याचा फरक जास्त पडतो. संध्याकाळी सहा तास काम करणारी मुलं माझ्याकडे फर्स्ट क्लासमध्ये पास झाली आहेत. रात्री काम करणारी हुशार मुलं सेकंड इयरला गळाली.

आता ‘बॅलन्स’. माझा या शब्दावर राग आहे, कारण तो ऐकला की दोन्ही पारडी सारखी धरायची असं वाटतं, आणि सारखी धरायला गेलं की दोन्ही सांडतात. त्यापेक्षा एक वेगळा प्रश्न विचार. कुठली गोष्ट मागाहून भरून काढता येते आणि कुठली येत नाही? चुकलेलं थिअरी लेक्चर भरून निघतं. मैत्रिणीची वही, झेरॉक्स, एक रविवार. चुकलेली अंतर्गत चाचणी भरून निघत नाही. प्रॅक्टिकल, तोंडी परीक्षा, प्रोजेक्ट सादर करायची तारीख, हजेरी, यातलं काहीही मे महिन्यात जागून मिळत नाही. नोकरीतही तसंच. एखादा इन्सेंटिव्ह पुढच्या महिन्यात मिळेल, पण खोलीभाडं पाच तारखेलाच लागतं. आणि झोप? झोप रविवारी भरून निघते अशी समजूत आहे, ती थोडीच खरी आहे. सतरा-अठरा तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायल्याइतका मंद होतो, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. तू ज्या रस्त्याच्या कडेला राहतोस तो नवले पुलाचा उतार अपघातांसाठी किती बदनाम आहे, ते तुला मी सांगायला नको. कॅब चुकली की तू मित्राची गाडी घेतोस असं लिहिलंयस. ते आजपासून बंद. माझा एक विद्यार्थी शिफ्टवरून येताना सिग्नलला उभ्या उभ्या झोपला आणि गाडीसकट आडवा झाला. मनगट मोडलं, उजवं, परीक्षेच्या आठ दिवस आधी. तो आपला नशीबवान, सिग्नलला उभा होता.

थकव्याची किंमत मी रोखीत मोजलीय. पिग्मीच्या फेरीला संध्याकाळी साठेक दुकानं व्हायची. पाच रुपये, दहा रुपये, कापडवाले वीस. पासबुकात आकडा, सही, पिशवीत पैसे. एप्रिलमध्ये कॉस्टिंगच्या पेपरच्या आदल्या दिवशी पहाटे तीनपासून जागी होते. संध्याकाळी पतसंस्थेत रोकड भरताना ३४० रुपये कमी. तीनदा मोजले. बाहेर पायरीवर बसून सगळ्या नोंदी पुन्हा जुळवल्या, तरी कमीच. कुठे नोटा न घेताच आकडे टाकले, कुठे सुटे जास्त दिले, काही आठवेना. माझं महिन्याचं कमिशन सहाशेच्या आसपास होतं. व्यवस्थापकांनी शांतपणे ते ३४० त्यातून वळते केले. त्या दिवशी झोपले असते तर पेपरही बरा गेला असता.

पण इथे माझं उदाहरण फार ऐकू नकोस. ‘आम्हीही नोकरी करून शिकलो’ असं सांगणारे काका-मामा तुला भेटतील. ते खोटं बोलत नाहीत, फक्त एक गोष्ट सांगायला विसरतात. आमच्या वेळी वार्षिक परीक्षा होती. जून ते जानेवारी वर्गात कोण आलं, कोण नाही, याचा निकालाशी फारसा संबंध नसायचा. मार्चमध्ये रजा टाकायची, दीड महिना ढोर मेहनत करायची, सुटायचं. आता दर सत्राला अंतर्गत गुण, चाचण्या, प्रेझेंटेशन, आणि सत्र हातात धरेपर्यंत संपतं. मार्चची मेहनत आता एकूण गुणांच्या फक्त निम्म्या-पाऊण भागावर चालते. नोकरी करून शिकणं पूर्वीपेक्षा अवघड झालंय, आणि हे घरच्यांना समजावून सांगावं लागतं.

किती तास झेपतात, याचा एक अंदाज दुसरीकडून येतो. माझा भाचा जर्मनीत शिकतोय. तिथे सत्र चालू असताना विद्यार्थी नोकरदाराने आठवड्याला साधारण वीस तासांच्या आत राहायचं असतं. ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात २० तास. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८, कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला २४. या मर्यादांमागे त्यांचं राजकारण आहे, रोजगाराचे हिशेब आहेत, पण सगळ्यांचा आकडा विशीच्या आसपास घोटाळतो खरा. माझं टेबलामागचं निरीक्षणही तेच. वीस तासांपर्यंत काम करणारी मुलं तरतात, तीसच्या पुढे गेली की बहुतेकांची एटीकेटी, म्हणजे विषय राहणं, सुरू होते. जाण्यायेण्यासकट तुझे ५९ आहेत. आपल्याकडे कायदा तुला अडवत नाही, एवढंच.

आता पैसे. उत्तर इथेच लपलंय. तुझी यादी अशी: भाड्याचा वाटा ३,५००, मेस ३,०००, प्रवास १,२००, फोन-साबण-सटरफटर ८००, घरी ६,०००, फोनचा हप्ता २,९००. एकूण १७,४००. म्हणजे पुण्यात जगायला तुला लागतात ८,५००. उरलेले ८,९०० हे घर आणि हप्ता. तुला नाइट शिफ्टला बांधून ठेवलंय ते पुण्याने नाही, या दोन ओळींनी. हप्ते चार राहिलेत, ११,६०० रुपये, आणि बँकेत २२ हजार आहेत असं तूच म्हणतोस. तेव्हा ती ओळ खोडली. राहिली घरची ओळ.

घरचे सहा हजार बहिणीच्या बारावीच्या क्लाससाठी जातात. मला विचारशील तर वडिलांना तुझा मंगळवार माहीत नाही. माझ्यासमोर बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी ‘पोरगं कंपनीत आहे’ एवढंच माहीत असतं. शिफ्ट, डिफॉल्टर लिस्ट, राहिलेले विषय यातलं काही सांगितलेलं नसतं. एका मुलीने माझ्याच केबिनमधून घरी फोन लावला होता. ‘अण्णा, चार महिने पैसे कमी पाठवले तर चालतील का?’ पलीकडून तिचे वडील म्हणाले, ‘अगं, मी तर ते बाजूला टाकतोय, तुझ्याच लग्नाला.’ तुझ्याकडे तसं नसेलही. क्लासची फी खरीच असेल. पण विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि विचारायचं ते मोघम नाही, आकडा सांगून. ‘अडचण आहे’ म्हणू नकोस. ‘जानेवारी ते मे सहाऐवजी शून्य किंवा दोन चालेल का’ असं विचार.

त्या फोनवर तुझा रस्ता ठरेल, म्हणून दोन्ही सांगून ठेवते.

सहा हजार थांबू शकत असतील, तर नाइट शिफ्ट सोड. नोटीस पिरियड बघ, पीएफला हात लावू नकोस, रिलीव्हिंग लेटर घेऊनच बाहेर पड. मग दुपारचं काम शोध. सदाशिव पेठ, नारायण पेठ, टिळक रोड इथे सीए आणि टॅक्स कन्सल्टंटची ऑफिसं जिन्याजिन्याला आहेत. एक ते सात, सहा दिवस, नवख्याला आठ-साडेआठ हजारांपासून. ताशी हिशेब केलास तर नाक मुरडशील. कॉल सेंटरमध्ये प्रवासासकट महिन्याला २५५ तास जातात, तासाला सुमारे ७४ रुपये पडतात; इथे जेमतेम पन्नास. पण तिथला तास संपला की संपतो. इथे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येतं, जीएसटीचं रिटर्न भरायला येतं, आणि तू वर्गात जे शिकतोस तेच दुपारी हाताने करतोस. अकाउंटिंगचा निम्मा अभ्यास पगारी होतो म्हण. शिवाय नव्या रचनेत सहाव्या सत्राला ४ क्रेडिटचं ओजेटी आहे, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. विषयाशी जुळणारं काम आधीच हातात असेल तर ते तिथे दाखवता येईल का, हे तुझ्या विभागात विचारून ठेव. कॉल घेण्याचं काम तिथे दाखवायला जड जाईल.

वीस तासांच्या मापाने हेही जास्तच आहे, आठवड्याला छत्तीस. पण ते दिवसा आहे, मेसची वेळ सापडते, रात्री सात तास झोप होते. जमल्यास चार दिवसांवर आण आणि बाकीचं नववी-दहावीच्या एक-दोन शिकवण्यांनी भरून काढ. गणित-अकाउंटवाल्या मुलांना त्या मिळतात आणि ताशी पैसे कुठल्याही ऑफिसपेक्षा बरे असतात.

एक सावधगिरी. ज्या कामाचा हंगाम परीक्षेवर आदळतो, तिथे आधीच बोलून घे. टॅक्सच्या ऑफिसात दर महिन्याची ११ आणि २० तारीख तापलेली असते, एक जीएसटीआर-१ या रिटर्नची, दुसरी ३-बी ची. जुलै गर्दीचा, आणि मार्च एंडला तर कोणी घरी जात नाही. तुझी परीक्षा मार्चनंतर लगेच. लक्ष्मी रोडच्या कापड दुकानांत याच्या उलट, दिवाळी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची सत्रपरीक्षा एकाच पंधरवड्यात. मुलाखतीतच सांगायचं, ‘परीक्षेचे तीन आठवडे मी निम्मा वेळ येईन, त्याचे पैसे कापा.’ मालक लोक कापायला तयार असतात. आयत्या वेळी फोन बंद करून गायब झालेला मुलगा त्यांना नको असतो.

‘कमवा व शिका’चंही विचारलं आहेस. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्याला शिवाजी कॉलेज सुरू केलं, तेव्हा मुलं शेतात, बांधकामावर राबून शिकली. त्या कल्पनेतली ताकद अशी होती की काम देणारा आणि शिकवणारा एकच. मुलगा नापास व्हावा असं मालकाला परवडायचं नाही. आज कॉलेजात दिवसाला दोन-तीन तास ग्रंथालयात, बागेत, ऑफिसात काम मिळतं. त्यावर पोट भरत नाही, मेसचे पैसे निघतात. पण लेक्चर आणि काम यांच्यात पन्नास पावलांचं अंतर असतं आणि परीक्षेत कोणी थांब म्हणत नाही. दुपारचं काम मिळेपर्यंत अर्ज टाकून ठेव.

आणि महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, बसून एक दुपार घालव. मुलं नोकरी आधी शोधतात आणि शिष्यवृत्ती नंतर, हे नेहमीचं उलटं काम. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना फीमध्ये सवलत आहे. अनुसूचित जातीतल्या, वसतिगृह न मिळालेल्या मुलांसाठी समाजकल्याणची स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिचे वर्षाला ६० हजार होतात. महिन्याला पाच हजार म्हणजे तुझ्या शिफ्टचा सव्वा आठवडा, न जागता. इतर प्रवर्गांसाठीही त्याच धर्तीच्या योजना आहेत. तुझा प्रवर्ग तू लिहिलेला नाहीस, म्हणून जास्त खोलात जात नाही. अर्ज करण्यापूर्वी उपस्थिती आणि नोकरी या दोन्हींबद्दल अटीत काय म्हटलंय ते वाच. पगार लपवून अर्ज करू नकोस. पडताळणीत अडकलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांना परतफेड करताना कोणी हप्ते बांधून देत नाही.

आता दुसरा रस्ता. सहा हजार थांबूच शकत नसतील, तर पूर्णवेळ कॉलेज सोड. शिक्षण सोड म्हणत नाहीये. हे वाक्य ऐकून मुलांचे चेहरे पडतात, जणू मी नापास केलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच लोकांसाठी आहे. पोलीस शिपाई, एसटीचे वाहक, अंगणवाडीच्या ताई तिथून पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासून, पुणे विद्यापीठाचंही आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं, आणि स्पर्धा परीक्षेच्या फॉर्मला ती चालते. तोटे आहेत. कॅम्पस प्लेसमेंट नाही, बरोबरीच्या मुलांची संगत नाही, स्वतःला उठवून पुस्तकाला बसवणारं कोणी नाही. पण रोज खोटं खोटं पूर्णवेळ विद्यार्थी असण्यापेक्षा खरं खरं अर्धवेळ शिकणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. तुझे मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा असतील तर वाया जात नाहीत. ते कुठे किती धरले जातील हे प्रवेश घेण्याआधी लेखी विचारून घे. हा बदल जूनमध्ये कर, मध्येच नको. चालू सत्राचे जेवढे विषय निघतील तेवढे काढ.

जे काही ठरेल ते होईपर्यंत दोन-तीन महिने तुला याच शिफ्टमध्ये काढायचेत. त्यासाठी थोडं.

टीएलला, म्हणजे टीम लीडरला, सांग की तू शिकतोयस. इंटरव्ह्यूत ‘एज्युकेशन कम्प्लीट’ म्हणाला असशील, बहुतेक मुलं तसंच म्हणतात, आणि मग परीक्षेच्या रजेसाठी आजीला चारदा मारावं लागतं. मागायचं ते एकच: शिफ्ट रोटेशनल नको, कायम एकच दे, आणि चाचणीच्या दिवसाला वीक ऑफ जुळवून दे. तुझे आकडे बरे असतील तर टीएल एवढं करतो. नवा माणूस शिकवून तयार करणं त्यालाही जिवावर येतं.

शिक्षकांकडे जाताना ‘मॅडम, जरा अ‍ॅडजस्ट करा ना’ म्हणून जाऊ नकोस. अ‍ॅडजस्ट काय करू? हजेरीपत्रकात खाडाखोड करता येत नाही आणि मी करणारही नाही. एप्रिलमधलं मेडिकल सर्टिफिकेट तर नकोच. माझ्या ड्रॉवरमध्ये एका वर्षी अकरा टायफॉइड जमले होते, त्यातले सात एकाच डॉक्टरांच्या सहीचे. सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात ये, कंपनीचं पत्र आण, आणि नेमकं माग. चाचणीची तारीख आधी कळेल का? प्रेझेंटेशन शनिवारी देता येईल का? ग्रुप प्रोजेक्टमध्ये माझ्याकडे लिहायचं काम देता का, भेटायला वेळ मिळत नाही? याची उत्तरं बहुतेक वेळा ‘हो’ येतात.

अभ्यास खोलीवर होणार नाही, हे मान्य कर. खोली दिसली की पाठ टेकते. साडेअकराला लेक्चर सुटलं की पाऊण तास अभ्यासिकेत बस आणि फक्त गणितं सोडव, पेनाने, पूर्ण, जर्नल एन्ट्रीपासून बॅलन्स शीटपर्यंत. रोज एक. नुसतं सोल्यूशन बघून ‘कळलं’ म्हणणं हा अकाउंटिंगमधला सगळ्यात मोठा धोका आहे. थिअरी जाताना कॅबमध्ये ऐक. बिझनेस लॉ, मार्केटिंग यांची उत्तरं स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड कर. स्वतःचा आवाज ऐकायला लाज वाटते, पण लक्षात राहतं. येताना मात्र झोप, कानात काही नको. रविवारी पहिली झोप, मग जेवण, मग तीन तास मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका.

राहिलेल्या दोन विषयांत एफ.वाय.चा आधी काढ. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचं सगळं सुटल्याशिवाय टी.वाय.ला प्रवेश देत नाहीत. मुलं ताजा विषय सोपा वाटतो म्हणून तो काढतात आणि जुन्यापायी वर्ष घरी बसतात. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, शेवटची तारीख नोटीस बोर्डावर लागते आणि तू तेव्हा झोपलेला असशील, म्हणून वर्गातल्या एकाला फोटो पाठवायला सांगून ठेव.

डिव्हिजन बदलाचा अर्ज साध्या कागदावर चालतो. प्राचार्यांच्या नावे, सोबत दोन्ही डिव्हिजनचं टाइमटेबल आणि कंपनीचं पत्र. एक प्रत आवक नंबर टाकून परत घे. तो या आठवड्यात. आणि घरचा फोन रविवारी संध्याकाळी कर. त्या वेळी मेस बंद असते, तशीही तुला घरची आठवण येत असणार. समोर कागद ठेव, त्यावर ८,५०० लिहिलेलं असू दे.